नानांची छोटी लाईन

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय बाळ्या,

चार महिन्यांत पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, साखर आहे तिथेच आहे.

परवा नानांनी पहिल्यांदा माळ्यावर चढू दिलं. अरे, सगळी छोटी लाईन आहे वर, आपली ग्वाल्हेर-श्योपूरची रेल्वे, मॉडेल करून! चौदा फूट बाय पाच. घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ. श्योपूर नाही. खरे १९९ किलोमीटर १:८७ च्या मापात घ्यायचे तर सव्वादोन किलोमीटर रूळ लागले असते म्हणे. चंबळचे बीहड थर्माकोल कोरून, वर कागद, प्लास्टर आणि चाळलेली खरी माती. बाभळी तांब्याच्या तारा पिळून केलेल्या, पाला म्हणजे रंगवलेला भुसा. खडीवर फेविकॉलचं पाणी थेंबाथेंबाने सोडलेलं. एवढं करून म्हातारा कुरकुरतो रुळांवर. दोन फुटी लाईन या मापात सात मिलिमीटरची हवी, पण इंजिनं मिळतात नऊवर चालणारी. "दोन मिलिमीटर खोटं आहे रे," हळूच म्हणाले, कुणी ऐकेल म्हणून.

कैलारसला गाडी थांबवली. टपावर दोन पोरं, दोन-दोन सेंटिमीटरची. एकाची टोपी लाल! म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक? "गार्डच्या डब्यातून ओरडत कोण होतं मग?" आणि फलाटाच्या टोकाला हापसा. आता तरी कबूल कर, तू पाणी प्यायला उतरलास ते कैलारसला. (नाना म्हणाले, सबलगढलाही हापसा होता. ते सोड.)

तर मुद्दा असा. वाडा विकला गेला, दिवाळीपर्यंत रिकामा करायचाय. हे सगळं टेबल माळ्यावरच ठोकून जोडलेलं, आणि जिना तुला माहीतच आहे, खाट चढवताना तुझं बोट चेंगरलं होतं तो. कापल्याशिवाय उतरणार नाही. खरी गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत निघालीच नाही, आता तिथे ब्रॉडगेज. ते रूळ उखडताना नाना बघायला गेले नव्हते. आताही म्हणतात, "करवत तू चालव, मी खाली ओसरीवर बसतो." मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून झोप नाही. पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय त्यांनी, जौऱ्याच्या अलीकडे. एक तुकडा आमच्याकडे ठेवायला ही लगेच हो म्हणाली, त्याने मी जास्त घाबरलोय.

सूनबाईंची बदली झाली का? नातवाला आशीर्वाद. गुडघ्याचं ऑपरेशन टाळू नकोस.

येत्या महिन्यात ये. कैलारसकडचा तुकडा तुझा, हापशासकट. आणि तुझी बारीक दातांची करवत आण, माझी लाकूड फाडते.

तुझा,
बंडू