बदली कामगार अजून गेटवरच

मा. संपादक,

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघाला की आपल्या पत्रव्यवहारात एक वाक्य हटकून येतं: 'संप करून कामगारांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.' संपाच्या मागण्या या मंडळींनी कधी वाचल्या आहेत का? 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले ते नुसत्या पगारवाढीसाठी नव्हे. बदलीवाल्यांना कायम करा, हीही मागणी होती.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बदली होते. बदली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. पाळी सुरू व्हायच्या आधी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कोणी कायमवाला आला नाही तर त्याचे साचे चालवायचे, सगळे आले तर आल्या पावली परत. डबा हातात घेतला की आईला काही विचारावं लागायचं नाही, वजनावरून कळायचं. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. काही वर्षं गावी कणकवलीकडे काढली, मग मुंबईतच एका सोसायटीच्या दारावर रखवालदारी.

संपात चुका झाल्याच नाहीत, असं माझं म्हणणं नाही. वडीलही तसं म्हणत नसत. पण भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होतं आणि बऱ्याच मालकांनी जुन्या यंत्रांवर पैसा घालणं सोडलं होतं, ते संपाच्या आधीपासून. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. त्या नियमातल्या 2001 च्या दुरुस्तीने तर या जमिनींतला पालिका आणि म्हाडाचा (सरकारी गृहनिर्माण मंडळाचा) वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता उरला. परळच्या जमिनीचा भाव पाहता सूत कातत बसायची हौस कोणाला उरणार होती?

हे सगळं आज आठवायचं कारण माझा भाचा. तो चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. यंत्रं नवी, कँटीन झकपक, पण सलग सेवा धरायला लागणारे दोनशे चाळीस दिवस भरायच्या आत नोकरीत 'ब्रेक'. मग पुन्हा नवी भरती, पुन्हा नवा नंबर. गणपतीत घरी आला तेव्हा वडिलांचं बदली कार्ड दाखवलं. कोपरा वाळवीने खाल्लाय, गिरणीचं नाव मात्र शाबूत आहे. त्याने गळ्यातलं कार्ड काढून शेजारी ठेवलं. म्हणाला, "मामा, आजोबांच्या कार्डावर निदान गिरणीचं नाव तरी आहे. माझ्यावर ठेकेदाराचं."

नवा कारखाना आला की 'इतक्या हजारांना रोजगार' असा मथळा आपण देता. त्यातले कायम किती, हा आकडाही विचारून त्याच बातमीत छापावा, एवढीच विनंती.

— एका बदली कामगाराचा मुलगा, डोंबिवली (पूर्व)