छपराखालचं जंगल

झुरिक, जानेवारी

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, प्राण्यांच्या घराला आर्किटेक्ट कशाला लागतो, चार भिंती आणि हीटर पुरत नाही का? तेव्हा घाईत होते, म्हणून आता लिहायला बसले.

आम्ही आखतोय ते दालन स्लॉथ (झाडाला उलटा लटकणारा, अगदी संथ प्राणी), इग्वाना (मोठा सरडा) आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांसाठी आहे. राणीच्या बागेत पेंग्विनसाठी गारवा करावा लागतो, आम्हाला इथे बर्फात दमट उन्हाळा करायचाय. ऊब आणणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे तो उजेड. ठाण्यात डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो, इथे जेमतेम साडेआठ. त्यात साध्या काचेतून ऊन आत आलं तरी त्यातले यूव्ही-बी किरण बहुतेक अडतात. इग्वानाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते त्याच किरणांनी. ते मिळाले नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. म्हणून छपराला काच नाही, ईटीएफई नावाचं पातळ प्लास्टिक. त्याचे थर कडेने अॅल्युमिनियमच्या पट्टीत आवळायचे आणि मधे पंपाने हवा भरत राहायची. वजन काचेच्या मानाने नगण्य, त्यामुळे खांब कमी लागतात आणि झाडांना मोकळी उंची मिळते. दिव्यांची भर घालावी लागतेच.

पण दमट हवा त्या गार पट्टीला लागली की पाणी सुटतं, आणि थेंब वर्षभर त्याच जागी पडत राहतात. सध्या मी तेवढंच रेखाटतेय. पट्टीखाली अंगठ्याएवढी पन्हळ, तिला उतार, आणि पाणी भिंतीकडून थेट झाडांच्या मुळाशी. स्लॉथच्या झोपायच्या फांदीवर एक थेंबही नको. त्याच्या अंगाचं तापमान भोवतालाप्रमाणे खालीवर होतं, खाल्लेलं पचायलासुद्धा त्याला बाहेरची ऊब लागते. ओला होऊन गारठला तर त्याचे हाल होतील.

आई, इथल्या झूमधलं मसोआला दालन तुला फार आवडेल. 2003 साली उघडलं, सुमारे पावणेतीन एकर, दहा मजली इमारतीएवढं उंच. आत मादागास्करचं जंगल लावलंय, आणि छपरावरचं पावसाचं पाणी साठवून आत पाऊस पाडतात. माकडासारखे दिसणारे लाल लेमूर मोकळे फिरतात. मी गेले तेव्हा बराच वेळ मान वर करून उभी होते, नुसता आवाज येत होता. शेवटी पानांच्या आड एका लेमूरची काळी शेपटी हलली. एवढंच दिसलं, पण काय सांगू तुम्हाला, तो दिवस सोन्याचा झाला!

आमच्या बैठकीत नेमका यावरूनच वाद चाललाय. लोक तिकीट काढून येतात, तेव्हा प्राणी समोरच दिसले पाहिजेत, खाणं काचेलगत ठेवा, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलंय. येऊरच्या जंगलात बिबट्या आहे हे सगळ्या ठाण्याला ठाऊक, पण तो दिसत नाही म्हणून येऊर कुणाला रिकामं वाटत नाही. लपायची सोय हा प्राण्याचा हक्क आहे. ऊन हवं की सावली, वर जायचं की आडोशाला, हे त्याला ठरवता आलं पाहिजे. मी आराखड्यात माणसांची वाट मुद्दाम अरुंद आणि वळणावळणाची ठेवलीय, दाट झाडी दोन्ही बाजूंनी. हे मंजूर होईपर्यंत मी हटणार नाही.

बाबा, एक काम कराल? स्लॉथला जमिनीवर धड चालता येत नाही, त्यामुळे वरच्या वर झाडावरून झाडावर जायला सलग वाट हवी. इथे सगळे दोर बांधतात, मला खऱ्या वेलींसारखं काहीतरी करायचंय. येऊरला सकाळी जाता तेव्हा जाड वेली दोन झाडांमध्ये कशा जातात, फांदीला कुठे वेढा घेतात, याचे फोटो पाठवा. मापासाठी शेजारी तुमची काठी ठेवा. आणि उन्हं चढायच्या आत घरी परता.

आईच्या गुडघ्यांचं काय म्हणाले डॉक्टर, ते कळवा.

तुमची,
मुक्ता