वायफाय रुसलं की काय करायचं

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर दोघंही एकदम बोलत होतात. बाबा म्हणत होते लाइनच खराब आहे, आई म्हणत होती राउटर म्हातारा झाला. निकाल लागायच्या आधीच कॉल तुटला. फोनवर हे सांगायला घेतलं की अर्ध्यात राहतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी एवढंच शोधायचं: दोष बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे की घरातल्या वायफायमध्ये? स्क्रीनवर दोन्हींत तेच चक्र फिरतं, त्यामुळे बघून कळत नाही. बाबा, लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर इंटरनेट कुठून येतंय ते समजणार नाही. घरात वायफाय तुटत असताना वायरवर नीट चालत असेल, तर लाइन ठणठणीत आहे. वायरवरही तुटलं, तर कंपनीला तक्रार करा आणि वायर लावून पाहिल्याचं आधीच सांगा, म्हणजे ‘बंद करून चालू करा’वर बोळवण होणार नाही. फायबरच्या डब्यावरचा एलओएस दिवा लाल असेल, तर प्रकाशच पोचत नाहीये. ती बारीक वायर कपाटामागे कुठे दुमडली नाही ना, एवढं बघा. आत काच असते, ती वाकवलेली खपत नाही.

माझा संशय मात्र घरातल्या वायफायवरच आहे, आणि तो आईच्या एका वाक्यामुळे. मायक्रोवेव्ह लावला की गाणं अडकतं, असं तू सहज म्हणालीस ना? तो योगायोग नाही. मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायफायचा जुना पट्टाही 2.4 गिगाहर्ट्झचाच. बाहेर निसटणारी लहर इतकी क्षीण असते की माणसाला तिचा त्रास नाही, पण वायफायचा सिग्नल तिच्याहून क्षीण, त्यामुळे तो गडबडतो. खात्री करायची तर कपभर पाणी तापत ठेव आणि गाणं लाव. मग फोन 5 गिगाहर्ट्झवर जोडून तेच पुन्हा कर. राउटर दोन नावं दाखवत असेल, तर ज्याच्या शेवटी 5जी लिहिलंय ते घे. मोबाइलच्या 5जीशी त्याचा काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! हा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर दमतो. म्हणून मागच्या खोलीत 2.4च बरा.

आता राउटर. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला खेटून ठेवलाय तो दिसायला नको म्हणून, हे मला माहीत आहे. पण धातू या लहरी अडवतो. तो घराच्या मध्याकडे, उंचावर, उघड्यावर ठेवा. अँटेना उभ्या हव्यात, कारण सिग्नल त्यांच्या बाजूंना पसरतो, टोकाकडून फारसा निघत नाही.

एवढ्यानेही रात्रीच अडकत असेल, तर शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी आहे असं समजा. बाबा, हे तुमच्या आवडीचं काम. राउटरखालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाका. 2.4चा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली राउटरची वाट, ‘ऑटो’वरून काढून 1, 6 किंवा 11 यांपैकी करून बघा. हे तिघे एकमेकांवर चढत नाहीत. मधलाच 3 किंवा 8 घेतला तर दोन्हीकडची गर्दी अंगावर येते.

राउटर अडकलाच तर बटणाने बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. पण टाचणीने दाबायचं ते बारीक भोक अजिबात नको! त्याने सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात, आणि मग मला तुमच्याशी बोलताही येणार नाही.

कंपनीचा माणूस रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, घ्या म्हणाला, तरी थांबा. आधी राउटरची जागा बदलून बघा. रिपीटरला जिथे मुळातच सिग्नल मिळत नाही, तिथे तो पुढे काय देणार? शिवाय साधे रिपीटर वेगही निम्म्यावर आणतात. तोवर कधी तुटलं, घरात तेव्हा काय चालू होतं, हे वहीत टिपत राहा. रविवारी फोन करते तेव्हा वही जवळ ठेवा.

तुमची,
लेक