गन शोमध्ये टेबलामागे कोण आणि टेबलापुढे कोण?

महोदय,

अमेरिकेतील गन शोविषयी मराठीत काही छापून आले की त्यात एक वाक्य हमखास असते: तिथे कुणीही जावे, पैसे मोजावेत आणि बंदूक घेऊन बाहेर पडावे. हे वाक्य अर्धेच खरे आहे आणि म्हणूनच घातक आहे. न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांत राहणारी मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी गेलेले आईवडील शनिवार-रविवारी कुतूहलाने या प्रदर्शनांना जाऊ शकतात. तिथे काय चालते आणि काय चालत नाही, हे टेबलामागे कोण बसले आहे आणि टेबलापुढे कोण उभे आहे यावर ठरते. हा भेद कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी जागेबद्दल थोडेसे. गन शो म्हणजे काउंटीच्या जत्रेचे मैदान किंवा प्रदर्शनाचा हॉल, आत टेबलांच्या रांगा, दारावर साधारण दहा ते वीस डॉलरचे तिकीट. ओक्लाहोमातील टल्सा येथे भरणारा शो चार हजारांहून अधिक टेबलांचा असतो. बहुतेक शो त्याच्या तुलनेत लहानच. स्वतःची बंदूक विकायला आणणाऱ्याला ती दारातच रिकामी करून दाखवावी लागते. मग तिच्या चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीतून, प्लास्टिकची पट्टी ओवून आवळतात, म्हणजे आत ती भरता येत नाही.

आता टेबलामागचा माणूस. तो परवानाधारक व्यापारी असेल तर दुकानात जे नियम तेच इथे. १९८६ च्या कायद्याने व्यापाऱ्याला आपल्या राज्यातील शोमध्ये विक्रीची मुभा दिली, सूट मात्र कसलीही दिली नाही. खरेदीदार फॉर्म ४४७३ हा केंद्र सरकारचा खरेदी-अर्ज भरतो, सध्याचा पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र दाखवतो आणि व्यापारी पार्श्वभूमी तपासतो. ३० नोव्हेंबर १९९८ पासून हे काम निक्स या केंद्रीय यंत्रणेकडे आहे. काही राज्यांत राज्य पोलीस ते करतात. उत्तर तीनपैकी एक येते: पुढे जा, थांबा किंवा नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी वय २१ पूर्ण हवे, रायफल-शॉटगनसाठी १८. काही राज्यांची अट याहून कडक आहे.

घोळ होतो तो ‘थांबा’ या उत्तराने, म्हणजे निकाल लगेच लागत नाही तेव्हा. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत इमिग्रेशनची नोंदही पडताळली जाते, त्यामुळे ग्रीन कार्डधारकाने हे उत्तर गृहीतच धरावे. शो रविवारी संध्याकाळी उठतो आणि व्यापारी दोनशे मैलांवरच्या आपल्या गावी परततो; बंदूक घ्यायला मग तिथवर जावे लागते. म्हणून भाव विचारण्याआधी दुकान कुठे आहे ते विचारावे. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नवा पत्ता दाखवणारे दुसरे सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी, सोबत ठेवावे. पत्ता जुळत नाही म्हणूनही रिकाम्या हाताने परतावे लागते.

दुसरा विक्रेता म्हणजे खाजगी माणूस. खांद्यावर रायफल, नळीच्या तोंडात खोचलेल्या कागदावर किंमत, आणि तो रांगांमधून हिंडत असतो. आपल्या संग्रहातील बंदूक विकणाऱ्या अशा माणसाला केंद्रीय कायद्याने पार्श्वभूमी तपासायला लावलेले नाही. यालाच ‘गन शो लूपहोल’ म्हणतात. नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तोच माणूस आपल्या घराच्या अंगणातही याच नियमाने विकू शकतो. तरी त्याच्यावर बंधने आहेत. खरेदीदार त्याच राज्याचा रहिवासी हवा. समोरच्याला बंदूक बाळगायला मनाई आहे असे मानायला कारण असेल तर विक्री गुन्हा ठरते. नफा कमावण्यासाठी वरचेवर घ्यायचे आणि विकायचे असेल तर परवाना लागतो. असा परवाना कुणाला लागतो याची व्याख्या २०२२ मध्ये अधिक व्यापक केली गेली.

अनेक राज्यांनी ही फट बुजवली आहे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि १ जुलै २०२० पासून व्हर्जिनियात खाजगी विक्रीलाही तपासणी लागते. पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाचा खाजगी व्यवहार परवानाधारकामार्फत किंवा शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयात करावा लागतो, साध्या रायफलचा नाही. टेक्सास आणि जॉर्जियात अशी सक्ती नाही. कोलोरॅडोने हे का केले ते विसरता कामा नये. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाईन शाळेत झालेल्या हत्याकांडातील दोन शॉटगन आणि एक कार्बाइन (आखूड रायफल) आदल्या वर्षी एका गन शोमध्ये खाजगी विक्रेत्यांकडून, हल्लेखोरांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीच्या हातून घेतल्या गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या राज्यातील मतदारांनी गन शोमधील प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली.

माझे स्पष्ट मत असे की सक्ती नसलेल्या राज्यातही खाजगी व्यवहार व्यापाऱ्यामार्फतच करावा. शुल्क बहुधा काही दहा डॉलर असते. बंदूक चोरीची निघाली तर पोलीस ती जप्त करतात, पैसे जातात, आणि विकणाऱ्याचे नावही आपल्याजवळ नसते. ओळखपत्र दाखवायला नकार देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

आता टेबलापुढचा माणूस. आपल्या लोकांसाठी खरा धोका इथे आहे. नॉनइमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा नसलेल्या, व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. यात बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील येतात, एफ-१ वरचे विद्यार्थी येतात, एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे कुटुंबीय) आणि एल-१ (कंपनीतील बदली) सुद्धा येतात. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे म्हणून ही मनाई उठत नाही. कार्ड हातात पडल्यावरच उठते. मुख्य अपवाद एकच: अमेरिकेतील कुठल्याही राज्याचा वैध शिकारीचा परवाना. तो असेल तर एच-१बीधारक राज्याच्या नियमांत राहून बंदूक घेऊ शकतो; परवान्याची प्रत फॉर्मला जोडली जाते. पण त्या परवान्याची मुदत संपते, आणि संपल्याच्या दिवसापासून घरातली बंदूक हाच गुन्हा होतो. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर काढले जाणे वेगळे.

कायद्यातला शब्द ‘मालकी’ नाही, ‘ताबा’ आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेला रेहाफ खटला यासाठी लक्षात ठेवावा. आरोपी विद्यार्थी व्हिसावर आला होता, शिक्षण सुटल्याने त्याचा दर्जा संपला होता. फ्लोरिडातील नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका झाडल्या, एवढ्यावरून खटला उभा राहिला. आपला दर्जा संपल्याचे त्याला माहीत होते हे सरकारने सिद्ध करायला हवे, असे न्यायालयाने ठरवले. पण तिथवर पोहोचेपर्यंत त्याला दोषी ठरवून शिक्षाही झाली होती. म्हणून पाहुण्या आईवडिलांनी टेबलावरची बंदूक उचलू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. विचारल्यास विक्रेते स्वतः बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) उघडून हौसेने दाखवतात.

एच-१बीवरचा मित्र पैसे देतो आणि ग्रीन कार्डधारक त्याच्यासाठी फॉर्मवर सही करतो, हा प्रकार मैत्रीत सहज घडण्यासारखा आहे. फॉर्मवर पहिल्या काही प्रश्नांतच विचारलेले असते की खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. दुसऱ्यासाठी अशी खरेदी करणे हा २०२२ पासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे आणि त्यालाही पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, अशी सूचनाही त्याच फॉर्मवर छापलेली असते. ती वाचूनच उत्तर द्यावे.

राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आणखी एक. न्यू जर्सीचा रहिवासी पेनसिल्व्हेनियातील शोमधून पिस्तूल घेऊन घरी येऊ शकत नाही. ते न्यू जर्सीतील व्यापाऱ्याकडे पाठवले जाते आणि तिथे राज्याचा खरेदी परवाना दाखवून मिळते. मॅगझिनला (गोळ्या भरायच्या पेटीला) फॉर्म नसतो, म्हणून ते लोक बिनधास्त घेतात. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन घरी आणणे हाच गुन्हा आहे.

ज्यांना घेण्याचा अधिकार आहे त्यांनी जुनी बंदूक कशी पारखावी? आधी परवानगी मागावी. चेंबर उघडून आत डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपावे, आणि नळी माणसाकडे वळू देऊ नये. न विचारता चाप ओढू नये. पॉइंट २२ च्या रिमफायर बंदुकीत (हिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते) काडतूस नसताना चाप ओढल्याने फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून खाच पाडू शकते. नळीत चेंबरच्या बाजूने उजेड टाकून दुसऱ्या टोकाने पाहावे. खड्डे म्हणजे गंज. आरपार दिसणारे एखादे काळे कडे म्हणजे नळी तिथे फुगली आहे: अडथळा असताना कधीतरी गोळी झाडली गेली. अशी बंदूक कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

रिव्हॉल्व्हरची परीक्षा वेगळी. घोडा अगदी हळू मागे ओढावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित अडवावे. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर खटकन जागेवर बसला पाहिजे, आणि हे प्रत्येक भोकाला तपासावे. उशिरा बसत असेल तर भोक आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाचे कपचे शेजारी उभ्या माणसाच्या तोंडावर उडतात. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या तर ती कुणा हौशी माणसाने उघडलेली आहे. कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोलसर झाल्या असतील तर घासून पुन्हा ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) केले आहे. संग्राहकाच्या दृष्टीने किंमत तिथेच घसरते.

या टेबलांवर आपल्या ओळखीचे नावही कधीकधी भेटते: पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेली २ए१ रायफल. दिसायला ती जुन्या पॉइंट ३०३ एनफिल्डसारखी, पण ती ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी बनवलेली आहे. मॅगझिन बारा गोळ्यांचे आणि चौकोनी. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर चुकून ‘३०३’ लिहिलेले असू शकते, म्हणून धातूवरचा ठसा वाचावा. लाकडाच्या पुढच्या भागावर तार गुंडाळलेल्या एनफिल्ड रायफली ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेल्या असतात. ‘डीपी’ असा ठसा असेल तर ती फक्त कवायतीची. या दोन्ही भिंतीवर शोभतात, झाडण्यासाठी घेऊ नयेत.

काडतुसांच्या टेबलावर डब्याची किंमत पाहू नये, एका गोळीची काढावी. कुठल्या डब्यात वीस असतात, कुठल्या पन्नास. प्लास्टिकच्या पिशवीत सुटी, घरी भरलेली काडतुसे कोणत्याही भावाला घेऊ नयेत. दारू दुप्पट पडलेले एक काडतूस बंदूक फोडायला पुरते. ५.५६ चे लष्करी काडतूस पॉइंट २२३ च्या चेंबरमध्ये बसते, पण झाडायचे नाही, दाब वाढतो. सगळ्यात भीषण चूक शॉटगनची. गेज हे नळीच्या रुंदीचे माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद: २० गेजचे काडतूस १२ गेजच्या नळीत घसरून पुढे अडकते, चेंबर रिकामा दिसतो, माणूस वरून १२ गेजचे भरतो, आणि नळी डाव्या हाताजवळ फुटते. २० गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. जुनी लष्करी काडतुसे स्वस्त असतात, पण त्यांतील काहींचे प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) क्षार सोडतात. ती वापरली तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे. नुसत्या तेलाने क्षार जात नाही, आणि थोड्याच दिवसांत गंज धरतो.

शेवटी भारतात परतणाऱ्यांसाठी. पॉइंट ५० च्या पोकळ काडतुसाचे बाटलीचे ओपनर, गोळीची किल्लीची साखळी असल्या वस्तू इथे आठवण म्हणून विकल्या जातात. त्या एक्स-रेवर काडतुसासारख्याच दिसतात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि सामानात एक जिवंत काडतूस सापडले तरी विमानतळावर गुन्हा नोंदवला जातो. रायफलची दुर्बीण अमेरिकेच्या निर्यात नियमांखाली येते, तीही भेट म्हणून आणू नये. मुलाने रेंजवर नेलेली पाठपिशवी प्रवासाला घेत असाल तर तिचे सगळे कप्पे उलटे करून, अस्तराच्या शिवणीत बोट घालून तपासा. पॉइंट २२ ची गोळी शेंगदाण्याएवढी असते.

– एक वाचक, टेक्सास