रविवारी चोडण, त्याआधी दुर्बिणी तपासा

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला रायबंदरच्या फेरीधक्क्यावर जमायचं आहे. फेरीबोटीने चोडण बेटावर, तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम १.७८ चौ. किमी, पण सगळी खारफुटी. गप्पा फेरीतच उरका, आत खंड्या आपली वाट बघत थांबत नाही.

दुर्बीण ८×४२ची पुरे: आठपट मोठं दिसतं, पुढचं भिंग ४२ मिमी. बारापटीची हातात थरथरते. मागच्या खेपेला तिच्यातून बगळाही नाचताना दिसला!

पावसाळाभर कपाटात राहिलेल्या भिंगांवर बुरशी आली असेल, तर शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या जागी घेऊन या. ब्लोअर, बारीक पेचकस आहेत. रुमालाने घासू नका. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ज्याच्या त्याने आणाव्यात.