सांधा सुटतो, तो लाकडाच्या दोषाने नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरोघरी विळीची जागा आता सुरीने घेतली आहे आणि सागवान, शिसम किंवा बाभळीच्या पट्ट्या जोडून केलेले चॉपिंग बोर्ड नागपूरच्या दुकानांत व प्रदर्शनांत सर्रास मिळू लागले आहेत. मात्र उन्हाळ्यात घेतलेला बोर्ड पावसाळ्यात जोडावर सुटला, की ‘लाकूडच तसे निघाले’ असे सांगून विक्रेते मोकळे होतात. आयटीआयमध्ये अनेक वर्षे सुतारकाम शिकवलेल्या मला हे उत्तर मान्य नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एका प्रदर्शनातून आणलेला सहा पट्ट्यांचा सागवानी बोर्ड ऑगस्टमध्ये मधोमध सुटला. सुटलेली कड उजेडात धरली, तर गोंदाचा थर दुधावरच्या सायीसारखा गुळगुळीत होता आणि त्यावर लाकडाचा एक तंतूही उपटून आलेला नव्हता. नीट चिकटलेला सांधा मोडू गेल्यास शेजारचे लाकूड फाटते. येथे पट्ट्या जुळण्याआधीच गोंद सुकला होता. आपल्याकडे ४२-४५ अंशांच्या दुपारी पांढऱ्या गोंदावर चार-पाच मिनिटांत कातडी धरते. म्हणून हे काम सकाळी, कूलरचा झोत बाजूला वळवून आणि शिकंजे (पट्ट्या आवळून धरणारे क्लॅम्प) आधी गोंदाविना लावून पाहूनच करावे लागते. सागाच्या अंगी तेल असल्याने त्याच्या कडांवर रंदा फिरवल्यानंतर त्याच दिवशी जोडणी करावी.

खरी घाई होते ती शिकंज्यांच्या बाबतीत. दोन पट्ट्या एकमेकींना टेकवून खिडकीसमोर धरल्यावर फटीतून उजेड दिसत असेल, तर ती फट शिकंजा आवळून मिटवू नये, पुन्हा रंदा मारावा, कारण दाबून मिटवलेली फट पुढे संधी मिळताच उघडते. शिकंजे एक वरून, एक खालून असे वीतभर अंतरावर लावायचे असतात. सगळे एकाच बाजूने लावले, तर बोर्ड पन्हाळीसारखा वाकतो. दाब पुरेसा झाल्याची खूण म्हणजे जोडाच्या पूर्ण लांबीवर गोंदाचे मोहरीएवढे थेंब एकसारखे उमटणे. जेथे थेंब नाहीत, तेथे गोंद कमी पडला किंवा दाब पोहोचला नाही. चारच शिकंजे असलेला कारागीर अर्ध्या तासात ते काढून पुढच्या बोर्डाला लावतो, हे मी पाहिले आहे आणि त्याची अडचण मला कळते. तरीही शिकंजे काही तास राहू द्यावेत आणि तासणे, घासणे दुसऱ्या दिवशीच करावे. गोंदातील पाण्याने जोडाजवळचे लाकूड फुगलेले असते; ते ओले असताना सपाट केले, तर सुकल्यावर तेथे खोलगट रेषा राहते.

गोंदही पाण्यात टिकणारा हवा. साधा पांढरा गोंद रोजच्या धुण्याने मऊ पडतो; डी-३ (पाण्यात टिकण्यानुसार ठरवलेली गोंदाची प्रत) किंवा त्यावरच्या दर्जाचा घेतला, तर एका बोर्डामागे फारच थोडा खर्च वाढतो. मे महिन्यात दुपारी येथील हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून बोर्ड वाकू नये यासाठी खाली आडवी पट्टी घट्ट चिकटवणे हे त्याला तडा जाण्याला निमंत्रण आहे. लकडगंजातील आरामशिनींवर उरणारे तुकडे या कामासाठी उत्तम, फक्त ते पुरेसे वाळलेले असावेत. बोर्डाला शेंगदाण्याचे तेल लावू नये, ते खवट होते. त्यासाठी खाद्य दर्जाचे मिनरल ऑइल चांगले. विदर्भात पिकणारे कच्चे जवसाचे तेलही चालते, पण ते सुकायला बरेच दिवस द्यावे लागतात.

माझी विनंती एवढीच, की विक्रेत्यांनी प्रत्येक बोर्डाच्या मागे लाकडाचे नाव आणि गोंदाचा दर्जा लिहावा, आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनी गाळा देताना ही अट घालावी.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, नागपूर