पाडकामाआधी वास्तूचा पूर्वेतिहास तपासा

महोदय,

जुन्या नाशकातले वाडे, शहरातले बंद पडलेले दवाखाने, सातपूर-अंबडमधल्या लिलावात गेलेल्या शेड यांची डागडुजी आणि पाडकाम सतत चालू असते. स्ट्रक्चरल ऑडिट होते, वाळवी पाहिली जाते, वायरिंग बदलते. किरणोत्सर्गाचा विषय मात्र निघत नाही, आणि निघालाच तर कोणीतरी ऑनलाइन मागवलेला गायगर मीटर (किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र) भिंतीवरून फिरवून ‘सगळे ठीक’ म्हणून मोकळा होतो.

मीटरच्या आधी कागद काढावेत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जागेत काय चालत होते, हे जुन्या घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार, शॉप अॅक्टचे परवाने आणि शेजारची म्हातारी माणसे यांच्याकडून बहुतेक कळते. नुसता एक्स-रे असेल तर किरणांची भीती नको. वीज तोडली की ते यंत्र किरण देत नाही आणि भिंतीतही काही मुरून राहत नाही. तिथे धोका शिशाचा. खोलीच्या दाराच्या फळीत साधारण दीड-दोन मिलिमीटरचा शिशाचा पत्रा असतो. त्यावर ग्राइंडर चालवला की धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. दार बिजागरीतून अखंड उतरवावे.

खरी काळजी कर्करोगावर किरणोपचार झालेल्या जागांची, आणि जिथे रेडिओग्राफी (किरणोत्सारी स्रोताने वेल्डिंगची तपासणी) किंवा टाकीतली पातळी मोजणारे किरणोत्सारी गेज वापरले गेले त्या कारखान्यांची. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात 1987 मध्ये सोडून दिलेल्या दवाखान्यातले किरणोत्सारी सीझियम-137 चे यंत्र भंगारात गेले, चार जण दगावले. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेल्या उपकरणातील कोबाल्ट-60 भंगार बाजारात फोडले गेले, एकाचा जीव गेला. जुन्या रुग्णालयांत उपचारासाठी किरणोत्सारी रेडियमच्या सुयाही वापरात होत्या. आकाराच्या मानाने फार जड लागणारे, बहुधा शिशाचे भांडे, पिवळ्या पाटीवरचे तीन पात्यांचे चिन्ह, गंजलेली जाड झाकणाची पेटी यांतले काही दिसले तर झाकण उघडू नये, हलवूही नये.

आता मीटर. आधी बाहेर रस्त्यावर, जमिनीपासून मीटरभर उंचीवर पाच मिनिटांची सरासरी घ्यावी. आपल्या काळ्या पाषाणाच्या पट्ट्यात हा आकडा कमीच, साधारणपणे तासाला 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे एकक) आसपास किंवा खाली येतो. मग आत कोपरे, कपाटे, सिंकखालचा पाइप, मोरी आणि माळा इथे मीटर अगदी टेकवून, प्रत्येक जागी निदान मिनिटभर थांबावे. भरभर फिरवलेल्या मीटरला कमी ताकदीचा स्रोत सापडत नाही. विटा किंवा ग्रॅनाइटजवळ आकडा दीडपट दिसला तर ती नैसर्गिक गोष्ट. एकाच ठिकाणी तिप्पट आला आणि हातभर मागे सरताच झपकन उतरला, तर तिथे लहान वस्तू आहे. काम तिथेच थांबवावे.

मीटरला चकवणारी वस्तू म्हणजे जुने आयोनायझेशन प्रकारचे (किरणोत्सारी कणाच्या मदतीने धूर ओळखणारे) स्मोक डिटेक्टर. जुन्या कार्यालयांत, बँकांत, हॉटेलांत फॉल्स सीलिंगला ते अजून सापडतात. आत अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी मूलद्रव्य, घरगुती प्रकारात अगदी थोडे, साधारण एक मायक्रोक्युरी. त्याचे अल्फा किरण कागदाने अडतात आणि गॅमा इतके क्षीण असतात की स्वस्त मीटर गप्प राहतो. म्हणून डोळ्यांनीच पाहावे, बुडाच्या लेबलवर ‘एएम-241’ किंवा तेच तीन पात्यांचे चिन्ह असते. छताला असेपर्यंत त्रास नाही. हातोड्याने फोडले, राडारोड्यात मिसळले की आतली चकती धुळीत जाते. हातमोजे घालून डिटेक्टरच फिरवून काढावा, पिशवीत बंद करावा, पुरवठादाराकडे परत द्यावा.

रेडियमचा रंग लावलेली घड्याळे व विमानांची जुनी मापके माळ्यावर सापडतात. ती अंधारात चमकत नाहीत म्हणून निर्धोक समजू नये. थकते ते रंगातले चमकणारे झिंक सल्फाइड, रेडियमचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) 1600 वर्षांचे आहे. काच उघडून पुसू नये, रंग सालपटासारखा निघतो.

जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचे भय आपल्या खडकात फारसे नाही. तरी तळघर बंद करून एसी ऑफिस करणार असाल, तर आधी तिथे रेडॉन मोजणारा फिल्म डिटेक्टर तीन महिने ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटर हवेला 100 बेकरेल (किरणोत्साराचे एकक), आणि तेवढे शक्य नसेल तर कमाल 300.

महापालिकेने पाडकाम व दुरुस्तीच्या अर्जात ‘वास्तूचा पूर्वीचा वापर’ हा एक रकाना घालावा. दवाखाना वा कारखाना लिहिलेले असेल तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेल्या तज्ज्ञाची पाहणी सक्तीची करावी. संशयास्पद वस्तू निघाली तर माणसे लांब करून 112 आणि मंडळाला कळवणे, हे ठेक्याच्या अटीत असावे. आपल्याकडे भंगाराचा मोबदला बहुधा पाडकामाच्या ठेक्यातच धरलेला असतो, त्यामुळे शिशाचे जड भांडे दिसले की मुकादमाला त्यात किलोचा भाव दिसतो. पाहणीचा कागद हातात येईपर्यंत भंगाराचा हक्क ठेकेदाराकडे जाऊ नये, एवढे कलम मालकांनाही आपल्या करारात आजच घालता येईल.

— एक वाचक, नाशिक